घाटात तापलेली मोटार

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शिबिरांचे दिवस येतात. तंबू, सतरंज्या, पातेली, दोरखंड आणि धान्याची पोती गाडीत रचली जातात व मंडळी थंड हवेच्या ठिकाणाकडे प्रस्थान ठेवतात. ह्याच दिवसांत पसरणीच्या, खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटाने जाणाऱ्या प्रवाशास एक दृश्य हटकून दिसते. वळणाच्या पुढे एखादी मोटार बॉनेट उघडून उभी असते, आतून वाफ निघत असते, आणि आतील मुलेबाळे रस्त्याच्या कडेला कंटाळून बसलेली असतात. अशा प्रसंगी दिवसाचा बेत मोडतो व सर्वांचा विरस होतो, हे खरे. परंतु बेत मोडणे ही काही मोठी हानी नव्हे. खरी हानी होते ती तापलेल्या गाडीजवळ केलेल्या घाईने. म्हणून मोटार घाटातच का तापते, तापल्यावर काय करावे व काय कदापि करू नये, ह्याचा थोडा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम इंजिनाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा साधारणपणे एकतृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता वायाच जाते. तिचा एक मोठा भाग धुराच्या नळीतून बाहेर पडतो, व दुसरा इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरात इंधनाचा भडका होतो त्या क्षणी तेथील वायूंचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमचे अनेक भाग इंजिनात असतात, तो धातू ६६० अंशांवरच वितळतो! असे असता इंजिन वितळून का जात नाही? कारण त्याच्या भिंतींतून अखंड पाणी खेळत असते. हे पाणी उष्णता उचलते, पुढच्या बाजूस असलेल्या रेडिएटरात जाते, तेथील बारीक नळ्यांतून वाहताना वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते. ह्या पाण्यात ग्लायकोल नावाचे द्रव्य व गंज न चढू देणारी रसायने मिसळलेली असतात. त्या मिश्रणास कूलंट म्हणतात. पाणी फिरविण्यास पंप असतो, वारा ओढण्यास पंखा असतो, आणि इंजिन पुरेसे ऊन झाल्यावरच पाण्यास रेडिएटरची वाट मोकळी करून देणारी थर्मोस्टॅट नावाची झडप असते. ह्यांपैकी एकाने जरी काम सोडले, तरी इंजिनाचा ताप वाढू लागतो.

आता घाटाचा हिशेब पाहू. वाईहून पाचगणीस जाताना १२ किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरात मोटार ५०० मीटरांहून अधिक उंच चढते. माणसे व सामान धरून १६०० किलो वजनाची मोटार एवढी उंच नेण्यास, केवळ चढण्याच्या कामापुरते, अंदाजे एक लिटर पेट्रोल खर्ची पडते. त्या एका लिटराची जी उष्णता वाया जाते, तिचा अर्धा भाग धुरावाटे गेला असे धरले, तरी उरलेल्या अर्ध्या भागाने सुमारे ३० लिटर थंड पाण्यास उकळी फुटेल! एवढी उष्णता अर्ध्या तासाच्या आत रेडिएटरने वाऱ्यावर सोडावयाची असते. आणि नेमका घाटातच वारा कमी पडतो. सपाट रस्त्यावर गाडी वेगाने धावते, तेव्हा समोरचा वारा आपोआप रेडिएटरात शिरतो. घाटात लहान गिअरवर इंजिन जोराने फिरते, पण गाडी मात्र मालमोटारीच्या मागे रांगत असते. त्यात मे महिन्याचे ऊन. आणि गाडीतील मंडळींस गारवा देणारे वातानुकूलन यंत्र आपली उष्णता रेडिएटरच्या पुढ्यातच टाकीत असते. मग एरवी झाकून राहिलेला दोष, मग तो थोडीशी पाणीगळती असो, सैल झालेला पट्टा असो किंवा धुळीने बुजलेला रेडिएटर असो, ह्याच ठिकाणी उघडा पडतो. घाट मोटारीस बिघडवीत नाही. तो तिची परीक्षा घेतो.

ह्यापुढील मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्रसपाटीवर उघडे पाणी १०० अंशांवर उकळते, आणि पाचगणीच्या उंचीवर तर सुमारे ९६ अंशांवरच. परंतु रेडिएटरचे झाकण आतील पाण्यावर दाब धरून ठेवते. दाब वाढला की उकळण्याचे तापमानही वाढते. सुमारे एका वातावरणाएवढा जादा दाब असेल तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. आपल्या घरचा प्रेशर कुकर ह्याच नियमाने डाळ लवकर शिजवितो. मग कुकरची वाफ जिरण्यापूर्वी त्याचे झाकण काढावयाचे नसते, हे ज्या मुलास आईने शिकविले आहे, त्यास रेडिएटरचा धोका निराळा समजावून सांगावयास नको. झाकण फिरविताच दाब नाहीसा होतो, आतील अतितप्त पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ बनतो, आणि पाण्याची वाफ होताना ती सुमारे १६०० पट जागा व्यापते. ती वाफ व तिच्याबरोबर उसळणारे उकळते पाणी वाकलेल्या माणसाच्या तोंडावर, डोळ्यांवर व हातांवर येते. पाणी कमी झाले आहे, तर ते आधी ओतावे, हा विचार दिसावयास अगदी शहाणपणाचा दिसतो. म्हणूनच तो घातक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शिबिराची एक गाडी अशीच चढावर तापून उभी राहिली. मुलांजवळ पाण्याचे कॅन होते व अंगात उत्साह होता. दुपारी मुक्कामी पोहोचून खेळाचे सामने व्हावयाचे होते; त्यामुळे जो तो उतावीळ झाला होता. एका मुलाने विचारले, “ड्रायव्हरकाका, आमच्याकडे पाणी आहे, ओतू का?” वयस्क चालकाने शांतपणे उत्तर दिले, “ओतायचं आहेच बाळा, पण तासाभरानं. आत्ता त्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही.” मुले कुरकुरू लागली, तेव्हा त्यांनी सदऱ्याची बाही वर सारून आपला उजवा हात दाखविला. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी आक्रसलेली व चकाकणारी होती. क्लीनर असताना, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी एका गरम गाडीचे झाकण उघडले होते. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी सामने झाले नाहीत, तंबू विजेरीच्या उजेडात उभारावे लागले, आणि रात्रीचे जेवण चुरमुरे व शेंगदाणे ह्यांवर भागले. परंतु सर्व मुले धडधाकट हातापायांनी झोपली, हा लाभ काही लहान नव्हे.

तर मग गाडी तापल्यावर करावे काय? तापमापकाचा काटा वर चढू लागला किंवा तांबडा दिवा लागला, की प्रथम वातानुकूलन बंद करावे. लगेच थांबण्याजोगी जागा नसेल, तर गाडीतील ऊब देणारा हीटर पुरता चालू करावा. आत बसणाऱ्यांस घाम फुटेल, पण इंजिनाची काही उष्णता तेवढ्या वाटेने निघून जाईल. नंतर रस्ता रुंद असेल अशा ठिकाणी, वळण टाळून, गाडी कडेला घ्यावी व इंजिन बंद करावे. चारही इशारादिवे लावावेत, हातब्रेक ओढावा, आणि चाकांच्या उताराकडील बाजूस मोठे दगड लावावेत. निघताना हे दगड उचलून कडेला ठेवण्यास विसरू नये. रस्त्यात पडून राहिलेल्या अशा दगडांवर रात्री दुचाकीस्वार आपटतात. इशाऱ्याचा तांबडा त्रिकोण गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर ठेवावा, व गाडी वळणापलीकडे असेल तर तो वळणाच्या अलीकडे ठेवावा, म्हणजे मागून येणाऱ्यास वेळीच सूचना मिळते. सर्व मुलांना रहदारीच्या उलट बाजूने उतरवून, शक्य असल्यास कठड्याच्या आत परंतु दरीच्या काठापासून दूर, सावलीत बसवावे. थांबलेल्या गाडीच्या मागे कोणीही उभे राहू नये.

ह्यापुढचे औषध एकच, व ते म्हणजे वेळ. बॉनेटखालून वाफेचे लोट येत असतील तर ते ओसरेपर्यंत बॉनेटही उघडू नये. निदान अर्धा तास, आणि बहुधा त्याहून अधिक, वाट पाहावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो, यास्तव तेथे बोटे घालू नयेत. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. एकदम आकसल्याने धातूस तडा जाण्याचा संभव असतो. सर्व काही हातास सोसवेल इतके निवल्यावर मोठ्या माणसाने झाकणावर जाड फडके धरावे, तोंड बाजूस ठेवावे व झाकण थोडेसेच सैल करावे. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच ते काढावे. मग पाणी हळूहळू भरावे. अडचणीच्या वेळी साधे पाणी चालते. पुढे गॅरेजमध्ये योग्य कूलंट भरून घ्यावे. मात्र खाली पाण्याची धार लागली असेल, रबरी नळी फुटली असेल, पंपाचा पट्टा तुटला असेल किंवा काटा पुन्हा चढू लागला असेल, तर गाडी पुढे रेटू नये. ती ओढून नेण्याचा खर्च इंजिन नवे करण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ह्या क्रमांकावर, आणि कोठेही संकट ओढवल्यास ११२ ह्या क्रमांकावर मदत मागता येते.

दुर्दैवाने कोणी भाजलेच, तर घड्याळ, बांगड्या, अंगठी तत्काळ काढून भाजलेला भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप, शाई, दंतमंजन ह्यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णास इस्पितळात न्यावे. तोंड किंवा डोळे भाजले असतील तर क्षणाचाही विलंब करू नये.

बिघाडामुळे सहल फसते असे मानण्याचे मात्र कारण नाही. मोटारीच्या इतिहासातील पहिला लांबचा प्रवास सुट्टीतील सहलच होती, आणि तीत बिघाडांची मालिकाच झाली. कार्ल बेन्झ ह्यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे एकस्व मिळविले. पण लोक ती घेण्यास धजत नव्हते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्टा, पतीस न कळविता, ऑयगेन व रिखार्ड ह्या आपल्या दोन मुलांस घेऊन जर्मनीतील मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर १०० किलोमीटरांहून अधिक होते. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले, त्यांस चांभाराकडून चामडे लावून घेतले. इंधन संपत आले, ते वीसलॉख गावच्या औषधांच्या दुकानातून मिळविले. त्या गाडीतील पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेत वारंवार थांबून पाणी भरावे लागे. आणि चढावर मुलांना गाडी ढकलावी लागे. तरीही संध्याकाळी ती मंडळी इष्ट स्थळी पोहोचली. ह्याच अनुभवावरून पुढे चढासाठी आणखी एक गिअर बसविण्यात आला. प्रत्येक थांब्यावर काय बिघडले ते त्या माउलीने आधी पाहिले व मग हात घातला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शिबिरास निघण्यापूर्वीची तयारी ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. आदल्या दिवशी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या अर्धपारदर्शक टाकीतील पातळी किमान व कमाल ह्या दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही ते पाहावे. पट्टा, रबरी नळ्या, टायरांतील हवा व स्टेपनी तपासावी. जॅक, पाना, त्रिकोण, विजेरी व प्रथमोपचाराची पेटी हाताशी ठेवावी. तंबूंच्या खाली गाडून टाकू नये. पिण्याच्या पाण्याखेरीज दहा लिटर पाणी निराळे घ्यावे. गाडी तिच्या शक्तीबाहेर लादू नये, व घाट सकाळच्या गारव्यात चढावा. परतीच्या उतारावर इंजिनाऐवजी ब्रेक तापतात, व अति तापलेले ब्रेक लागेनासे होतात. म्हणून लहान गिअरवर उतरावे, इंजिन बंद करून किंवा गिअर सोडून कधीही उतरू नये.

पालकांस व शिबिरप्रमुखांस शेवटी एक विनंती आहे. प्रवासाचे वेळापत्रक आखताना दोन तास मोकळे ठेवावेत. ज्याच्या वेळापत्रकात थांबण्यास जागा नसते, तोच गरम झाकणास हात घालतो. आणि विद्यार्थिमित्रांनो, घाटात गाडी थांबली तर खालचे खोरे पाहा, नकाशा उलगडा, गाणी म्हणा, धाकट्यांना पाणी द्या. डोंगर कोठे पळून जात नाही. तासाभराने पोहोचलात तरी तो तेथेच असेल.