चाकावर पाणी शिंपडून बघा

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअपवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: "ॲव्हरेज काय देते?" उत्तर बहुतेकदा ठोकून दिलेलं असतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, मोजलेलंच नसतं म्हणून. कधी पाचशेचं, कधी हजाराचं डिझेल टाकत गेलं की हिशेब राहतो कुठे? टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा त्याच पंपावर फुल करायची. असं तीनदा. महिन्याला तीन हजार किलोमीटर पळणारी गाडी लिटरला दहाऐवजी अकरा देऊ लागली, तर सत्तावीस लिटर वाचतात. तेवढ्यासाठी एक वही परवडते.

ॲव्हरेज पडलं म्हणून पंधरा वर्षांची गाडी गॅरेजला नेली की मिस्त्रीचा हात आधी पंप-नोझलकडे जातो. मी आधी चाकं बघेन. वीसेक किलोमीटर पळवून, शेवटी शक्यतो ब्रेक न दाबता गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध पाण्याचे चार थेंब शिंपडा. पुढचं चाक पुढच्याशी, मागचं मागच्याशी ताडायचं. एकावर पाणी चुर्र झालं आणि जोडीच्या चाकावर नुसतं ओघळलं, तर तिथे ब्रेक धरतोय. लायनर दिवसभर ड्रमला घासत असतो आणि ती उष्णता तुमच्या डिझेलची असते. हवा कमी असलेल्या टायरचंही तेच: रबर दबतं, तापतं. हवा गार टायरमध्ये, लोड बघून भरायची.

डिझेलचा दुसरा चोर सापडत नाही, कारण तो तिथे नसतोच. कधीतरी इंजिन गरम झालेलं असतं आणि कुणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. "आपल्याकडे काय गरज?" असं वर सांगितलेलं असतं. ही मेणाने चालणारी छोटी झडप पाणी ऐंशी अंशांच्या आसपास तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती नसली की जुन्नरच्या डिसेंबरातल्या पहाटे काटा वर चढतच नाही. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइलही घट्ट राहतं. काहीशे रुपयांच्या वस्तूपायी रोज थोडं थोडं डिझेल जातं.

काळा धूर दिसला तर आधी एअर फिल्टर काढून बघा. जुन्या यांत्रिक पंपाला हवा किती आली ते कळत नाही. तुम्ही पाय दाबाल तेवढं डिझेल तो देतो. हवा अपुरी पडली की उरलेलं काजळी होऊन मागून निघतं. नोझलची पाळी त्यानंतर.

उरतो चालवणाऱ्याचा पाय. साठऐवजी ऐंशीने गेलं की वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पटीने वाढतो, आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते.

माझा चुलतभाऊ माळशेज घाट न्यूट्रलमध्ये उतरायचा, डिझेल वाचतं म्हणून. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर उताराच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाचं डिझेल पंप जवळपास बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी ते जळतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर. आता तो भरली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उतरवतो. इंजिन गुरगुरतं, आणि शेजारी बसलेले काका अजूनही म्हणतात, "अरे, डिझेल जळतंय ना!"