भिंतीपलीकडचा इलेक्ट्रॉन

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला पुंजयामिकी शिकवताना मी एक साधा प्रश्न विचारतो. ऊर्जा भिंतीच्या उंचीपेक्षा कमी असूनही इलेक्ट्रॉन पलीकडे पोचला, तर तिथे त्याची ऊर्जा किती असेल? श्रोडिंगरचे समीकरण बिनचूक सोडवणारी मुलेही म्हणतात, "कमी झालेली." का, तर भिंतीतून जाताना खर्च झाली! प्रत्यक्षात इथली 'भिंत' म्हणजे स्थितिज ऊर्जेचा उंचवटा. तो पार केलेल्या इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा पूर्वीइतकीच राहते. घटते ती तो पलीकडे सापडण्याची शक्यता.

या चुकीचे मूळ माझ्याच खडूत होते. मी फळ्यावर ऊर्जेची आडवी रेघ काढायचो आणि तिच्यावरच तरंग. भिंतीत तरंगाची उंची घटत गेली की मुलांना ऊर्जाच घटलेली दिसायची. दोन वेगळ्या राशी मी एका आकृतीत कोंबल्या होत्या.

म्हणून सिम्युलेशनकडे वळलो. 2001 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक, कार्ल वाइमन, यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' प्रकल्प सुरू केला. त्यातील टनेलिंगच्या सिम्युलेशनमध्ये ऊर्जेचा आलेख वर आणि तरंगाचा खाली, असे वेगळे दिसतात. भिंतीची रुंदी मुलांनीच बदलायची. पण त्याआधी अंदाज वहीत लिहायचा, हा माझा नियम. रुंदी दुप्पट केली तर शक्यता निम्मी होईल, असे बहुतेक जण लिहितात. भिंत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेपेक्षा 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टने उंच असेल आणि रुंदी अर्ध्या नॅनोमीटरवरून एक नॅनोमीटर केली, तर शक्यता दीडशे पटींहून अधिक घसरते. ही संवेदनशीलताच बिनिग आणि रोहरर यांनी 1981 मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी वापरली. त्यात सुईचे टोक पृष्ठभागापासून एक दशांश नॅनोमीटर दूर गेले, की प्रवाह साधारण दहापट कमी होतो.

पण चित्राचेही सापळे असतात. पडद्यावर तरंगाचे दोन तुकडे होतात. एक परततो, दुसरा पुढे जातो. मग कुणीतरी म्हणतेच, "सर, अर्धा इलेक्ट्रॉन पलीकडे गेला." तेव्हा मी तोनोमुरा यांच्या गटाचा 1989 चा प्रयोग सांगतो. त्यात एकेक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकेक पूर्ण ठिपका उमटवत गेला. पट्टे दिसले ते हजारो ठिपके साचल्यावर. अर्धा ठिपका कधीच पडत नाही. तरंगावरून कळते ती इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची शक्यता. तो पसरलेला इलेक्ट्रॉन नव्हे.

त्यामुळे आता प्रत्येक सिम्युलेशननंतर मी विचारतो, "यात काय दाखवलेले नाही?" गणित अजून फळ्यावरच करतो. ऊर्जा आणि तरंग मात्र दोन वेगळ्या आकृत्यांत काढतो.