पुढच्याला गाठायचं, तर आधी खाली उतरायचं!

१६ जानेवारी २०२५ ची बातमी तुम्हाला आठवत असेल. ‘इस्रो’च्या दोन उपग्रहांनी अवकाशात एकमेकांना गाठलं आणि ते एकमेकांना जोडले गेले. अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला. त्या दिवसांत आमच्या बचत गटातल्या बायकाही विचारायच्या, ‘‘ताई, दोन डबे जोडले त्यात एवढं काय? रेल्वेवाले तर रोजच जोडतात!’’ प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर मला मिळालं ते माझ्या भाचीच्या कॉम्प्युटरवरच्या एका खेळात.

भाचीनं नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. सुटीत तिनं ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नावाचा गेम धरला. मेक्सिकोतल्या एका कंपनीनं बनवलेला हा खेळ २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आला. हिरवी, बुटकी, मोठ्या डोळ्यांची माणसं त्यात यान बांधतात आणि उडवतात. दिसायला कार्टून, पण यानाला लागू असलेले नियम खरेखुरे. घरात मात्र कुरकूर सुरू झाली. दादा म्हणाला, ‘‘दिवसभर गेमच खेळून राहिली का ही? बंद कर म्हणा ते.’’ बंद करण्याआधी ते आहे तरी काय, हे पाहावं म्हणून मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पुढचे पंधरा दिवस दुपारचा एक तास तिथेच गेला, आणि बी.ए. झालेली मी चक्क यान जोडायला शिकले.

एक यान आधीच वर फिरतंय, दुसरं त्याला जाऊन जोडायचं. आपलं मन काय सांगतं? समोरचं दिसतंय ना, मग तोंड तिकडे करा आणि वेग वाढवा. रस्त्यावर ते चालतं, अवकाशात नाही. वेग वाढवला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढतं. तिथे फेरा लांबतो, चालही मंदावते आणि यान उलट मागे पडतं. पुढच्याला गाठायचं तर आधी थोडा ब्रेक लावायचा. यान खालच्या कक्षेत उतरतं आणि तिथे पुढच्यापेक्षा लवकर फेरी पूर्ण करतं.

मैत्रिणींनो, पूर्वीची धानाची मळणी आठवा. मधल्या खांबाजवळच्या बैलाचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा. अवकाशात तर याहून पुढची गोष्ट आहे. आतल्याचा फेरा लहान असतोच, शिवाय पृथ्वीची ओढ तिथे जास्त असल्यामुळे त्याला धावावंही जास्त लागतं.

हे मोठमोठ्यांनाही सहज उमगलं नव्हतं. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी ४’ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या भागाजवळ जायचा प्रयत्न केला. सरळ त्याच्या दिशेनं जोर लावला, तर ते हाती लागेना. इंधन संपत चाललं आणि प्रयत्न सोडावा लागला. पुढे १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी ‘जेमिनी ८’मधून जगातली पहिली जोडणी केली.

खेळातली पद्धतही तीच. दोन्ही यानांच्या कक्षा एकाच पातळीत आणायच्या, खालच्या कक्षेत थांबून अंतर कमी होऊ द्यायचं आणि नेमक्या वेळी वर चढायचं. याच ठिकाणी हात शिवशिवतात. भाची म्हणायची, ‘‘आत्या, घाई नको करू. ते आपोआप जवळ येऊन राहिलं.’’ अगदी जवळ आलं की दोघांच्या वेगातला फरक शून्यावर आणायचा. मग बारीक बारीक धक्के देत, तोंडाला तोंड जुळवत पुढे सरकायचं. दोन्ही तोंडं जुळली की एकमेकांना ओढून घेतात.

आता ‘इस्रो’ची गोष्ट बघा. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह उडाले. ४७० किलोमीटर उंचीवर ते इतक्या वेगानं फिरत होते, की भंडारा ते नागपूर हे अंतर आठ-नऊ सेकंदांत संपावं. पण एकमेकांना टेकताना त्यांचा आपसातला वेग ठेवायचा होता सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर! आधी जोडणी ७ जानेवारीला ठरली होती, पण जमिनीवर कॉम्प्युटरवर आणखी चाचण्या करून पाहायला हव्यात म्हणून ती ९ तारखेवर गेली. मग उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकताहेत असं दिसलं, म्हणून पुन्हा पुढे ढकलली. १२ तारखेला दोघं ३ मीटरपर्यंत जवळ आले आणि ठरवल्याप्रमाणे परत मागे घेतले गेले. सगळं तपासल्यावरच १६ ला जोडणी झाली. रेल्वेचे डबे जोडणं आणि हे, यातला फरक एवढा आहे. पुढे भारताचं स्वतःचं अवकाश स्थानक उभारायचं, तर ते असंच तुकड्या-तुकड्यांनी जोडावं लागणार आहे.

एका दुपारी भाचीनं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, शेवटचा अवकाश मोहिमांचा. उपग्रहाच्या वेगाचं सूत्र तिथे छापलेलं होतं. उंची कमी, तर वेग जास्त. ती म्हणाली, ‘‘परीक्षेत मी हे घोकून लिहिलं होतं. त्याचा अर्थ आता कळला.’’

संध्याकाळी तिनं दादाला जोडणी करून दाखवली, तेच सूत्र वहीत मांडून. तो बराच वेळ बघत राहिला. अकरावीला शास्त्र शाखा घ्यायला त्यानं अजून होकार दिलेला नाही. नागपूरच्या क्लासची फी, मुलीचं रोजचं येणं-जाणं, या त्याच्या काळज्या खोट्या नाहीत. मी माझ्या परीनं बोलतेय. पण ‘गेम बंद’ हा हुकूम मात्र त्यानं मागे घेतला.

हा गेम विकत घ्यावा लागतो. ‘ऑर्बिटर’ नावाचा असाच दुसरा फुकट मिळतो. घरातला कॉम्प्युटर मुलाला मोकळा आणि मुलीला ‘कामं आटोपल्यावर’, असं आपल्याकडे अजून दिसतं. मुलगी स्क्रीनपुढे बसली की हाक मारण्याआधी दहा मिनिटं तिच्या शेजारी बसून पाहा. ‘हे असं का होतं गं?’ एवढं विचारा. ती समजावून सांगू लागली, तर समजा की ती नुसती खेळत नाहीये.