पिलांना दाणा द्या, पण पारखून



खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. दहा-बारा पिले निघतात, घरची मंडळी खूष होतात. महिन्याने मोजावीत तर निम्मीच उरलेली असतात. काही घारीने नेली, काही मानमोडीने गेली. पण काही चुकीच्या खाण्यानेही जातात, आणि ते टाळणे आपल्या हाती आहे. परसातल्या अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो. म्हणून ही गोष्ट दोघांनीही मनावर घ्यावी.

नुसती कणी पुरत नाही

पिलाला पहिले आठ आठवडे दर शंभर भाग खाद्यात सुमारे २० भाग प्रथिने लागतात. तांदळाची कणी, ज्वारी, मका यांत ती आठ ते दहा भागच असतात. नुसत्या कणीवर पिलू पोट भरते, पण अंग धरत नाही. पिसे उशिरा फुटतात, पंख लोंबतात, रोगाला ते लवकर बळी पडते. आईमागे उकिरड्यावर फिरणारी पिले किडे, वाळवी टिपून ही तूट थोडी भरून काढतात. वनराज, गिरिराज अशी विकत आणलेली एक दिवसाची पिले मात्र सर्वस्वी तुमच्यावर अवलंबून असतात.

म्हणून आठ आठवडे ‘चिक स्टार्टर’ खाद्य द्यावे. दहा पिलांना या काळात १५ ते २० किलो लागते. पुढे अंड्यावर येईपर्यंत ‘ग्रोअर’ आणि अंडी सुरू झाली की ‘लेअर’ खाद्य, असा क्रम ठेवावा.

ही तीन खाद्ये पिलांना नकोत

पहिले, लेअर खाद्य. अंड्याच्या कवचासाठी त्यात पिलाच्या गरजेच्या तिपटीहून अधिक चुना असतो. तो पिलाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. घरात मोठ्या कोंबड्यांचे पोते उघडे आहे म्हणून त्यातलेच मूठभर पिलांना टाकू नका.

दुसरे, गुरांचा खुराक. त्यात पुष्कळदा युरिया असतो. गाय तो पचवते, कोंबडी नाही. सरकीची पेंडही पिलांना घालू नये.

तिसरे, बुरशी आलेला दाणा किंवा पेंड. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले मेली. मूळ सापडले भुईमुगाच्या बुरशीच्या पेंडीत. या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते पिलाचे यकृत निकामी करते. पेंड उन्हात वाळवली वा भाजली तरी विष जात नाही. कुबट वास आला की ती उकिरड्यावरही टाकू नका, तिथेच पिले चरतात. खड्ड्यात पुरा.

घरी खाद्य करायचे असल्यास

दहा किलोंसाठी मक्याचा बारीक भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड २ किलो ७०० ग्रॅम, तांदळाचा बारीक कोंडा एक किलो, बिनमिठाच्या सुक्या मासळीची पूड अर्धा किलो, कोंबड्यांचे खनिज मिश्रण पाव किलो आणि मीठ ३० ग्रॅम घ्यावे. जीवनसत्त्वांची पूड पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मिसळावी. मासळी खारवलेली नको, जास्त मीठ पिलांना बाधते. कच्चे सोयाबीन दळून घालू नये, कारखान्यातली पेंडच घ्यावी. पंधरा दिवस पुरेल एवढेच मिश्रण करावे आणि पोते फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावे.

द्यायची रीत

पिले आईसोबत असतील तर डालगे विटांवर थोडे उचलून ठेवा. खालच्या फटीतून पिले आत जातील, कोंबडी जाणार नाही आणि महागाचे खाद्य पिलांच्याच पोटी पडेल. स्वच्छ पाणी उथळ भांड्यात ठेवा, म्हणजे पिले बुडणार नाहीत. कोवळा लसूणघास बारीक चिरून द्या. मानमोडीची लस मात्र टाळू नका, चांगले खाद्य लशीची जागा घेत नाही.

आठ आठवडे हा नेम सांभाळा. महिन्याने मोजाल तेव्हा पिलांचा आकडा पूर्वीपेक्षा मोठा भरेल.