न्यायालयीन दप्तरांचा संगणकद्वारा शोध : रीति व मर्यादा

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारांचें लक्ष सामान्यतः वाडे, मठ, देवस्थानें व कुळकर्ण्यांचीं घरें यांकडे असतें. तथापि एक मोठें भांडार बहुधा दृष्टीआड राहतें. तें म्हणजे न्यायालयांचें दप्तर. इनाम, वतन, देवस्थानची वहिवाट, दत्तविधान व वांटणी यांविषयीं तंटा उपस्थित झाला म्हणजे घराण्यांतील सनदा, महजर, वंशावळी व फारखत्या पेटींतून निघून न्यायाधीशापुढें जात. त्यांतील कित्येक घरीं परत आल्याच नाहींत. कित्येकांचा मजकूर निकालपत्रांत उतरला म्हणूनच आज ठाऊक आहे. हें दप्तर आतां अंशतः घरबसल्या चाळतां येतें. तें कसें चाळावें, आणि त्यांत काय सांपडण्याची आशा धरूं नये, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

याज्ञवल्क्यानें व्यवहार चतुष्पाद मानला आहे : भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि. आजच्या दिवाणी मुकदम्यांतही हे चार पाद ओळखतां येतात. वादीचा दावाअर्ज ही भाषा. प्रतिवादीची कैफियत हें उत्तर. साक्षी व दाखल कागद ही क्रिया. आणि निकालपत्र व हुकूमनामा ही साध्यसिद्धि. संगणकावर सुलभपणें हातीं येतो तो बहुतेक केवळ चवथा पाद. संग्राहकास हवा असतो तो तिसरा. चवथ्यावरून तिसऱ्याचा माग काढणें हेंच या शोधाचें प्रयोजन होय. हें ध्यानांत न घेतां जो बसतो, तो निकालांचा ढीग पाहून तृप्त होतो व अस्सल कागदास मुकतो.

१. काल व स्थल

शोधास आरंभ करण्यापूर्वीं तंटा कोणत्या सालीं व कोणत्या मुलुखांत झाला हें निश्चित करावें. मुंबई शहरांत १७९८ पासून रेकॉर्डरचें न्यायालय व त्यामागून १८२३ च्या सनदेनें निर्माण झालेलें सुप्रीम कोर्ट होतें. मोफसलांत सदर दिवाणी अदालत हें वरिष्ठ न्यायस्थान होतें व तिचा कारभार १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या नियमसंग्रहान्वयें चाले. १४ ऑगस्ट १८६२ रोजीं मुंबईचें उच्च न्यायालय सुरू झालें, तेव्हां या दोन्ही परंपरा एकत्र आल्या.

परंतु आजचा महाराष्ट्र त्या काळीं एका न्यायसत्तेखालीं नव्हता. नागपूर व वऱ्हाड यांचे तंटे निराळ्या न्यायस्थानांकडे जात. नागपूरचें स्वतंत्र उच्च न्यायालय १९३६ सालीं झालें आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून तेथें मुंबईचें खंडपीठ बसूं लागलें. मराठवाडा हैदराबादेच्या न्यायसत्तेखालीं होता; औरंगाबादचें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचें, खंडपीठ १९८१ सालचें. गोव्याचें खंडपीठ १९८२ सालचें. सांगली, मिरज, भोर, औंध आदि दक्षिणी संस्थानें १९४८ सालीं व कोल्हापूर १९४९ सालीं विलीन झालें. तत्पूर्वींचे त्यांचे निवाडे त्यांच्या स्वतःच्या न्यायालयांचे असून, मुंबईच्या छापील खंडांत ते शोधणें म्हणजे वाळूंतून तेल काढणें होय. कोल्हापुरास १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालें आहे, परंतु तेणेंकरून जुनें संस्थानी दप्तर तेथें आलें असें कोणीं समजूं नये. त्यासाठीं पुराभिलेखागाराकडेच जावें लागतें.

२. अलीकडील मुकदमे

सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं उरकावें. जिल्हा व तालुका न्यायालयांतील अलीकडील मुकदम्यांची माहिती ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ही योजना २००७ सालीं सुरू झाली. आजचे मुकदमे पुराणवस्तूंच्या अभ्यासकास कशाला, असा प्रश्न येईल. त्याचें उत्तर असें कीं, देवस्थानांचे व वतनी जमिनींचे तंटे पिढ्यानुपिढ्या चालतात, आणि काल दाखल झालेल्या दाव्यांत अठराव्या शतकांतील सनद पुराव्यास असूं शकते.

प्रत्येक मुकदम्यास सोळा स्थानांची एक खूण दिलेली असते, तीस सी.एन.आर. क्रमांक म्हणतात. पहिलीं दोन अक्षरें राज्याचीं, पुढील दोन जिल्ह्याचीं, नंतरचे दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक अनुक्रमाचे व शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक ठाऊक असल्यास अन्य कांहींच भरावें लागत नाहीं. तो नसल्यास प्रथम राज्य, जिल्हा व न्यायालय-संकुल निवडावें. मग पक्षकाराचें नांव, मुकदम्याचा क्रमांक, वकिलाचें नांव, कायदा वा मुकदम्याचा प्रकार यांपैकीं एका वाटेनें जावें. पक्षकाराच्या नांवानें शोधतांना निदान तीन अक्षरें व वर्ष द्यावें लागतें. म्हणून एकेक वर्ष बदलून पाहण्याची चिकाटी हवी. चालू, निकाली कीं दोन्ही, हेंही सांगावें लागतें. निकाली मुकदमे वगळले तर अर्धें काम वायां जातें. प्रकारांच्या संक्षेपांची ओळख असावी : रे. मु. म्हणजे रेग्युलर दिवाणी मुकदमा, स्पे. मु. म्हणजे स्पेशल मुकदमा, आणि हुकुमनाम्याची बजावणी मागणारी ती दरखास्त.

उच्च न्यायालयांच्या निकालांसाठीं ई-कोर्ट्सचेंच निराळें शोधस्थान आहे. तेथें निकालाच्या मजकुरांतील शब्दावरूनही शोध होतो. ‘सनद’, ‘वतन’, ‘सरंजाम’, ‘पुजारी’ असे शब्द रोमन अक्षरांत घालून पाहिल्यास नांव ठाऊक नसलेलीं प्रकरणेंही समोर येतात. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे प्रकाशित निकाल २०२३ पासून सर्वांस विनामूल्य खुले आहेत. ‘राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड’ या स्थानावर मात्र प्रामुख्यानें संख्या आहेत. कागद शोधणारानें तेथें फार वेळ दवडूं नये.

३. जुने छापील निकाल

आपल्या वाचकांचें खरें क्षेत्र हें. सदर दिवाणी अदालतीचे १८०० ते १८२४ या काळांतील निवडक निवाडे बोरोडेल यानें दोन खंडांत छापिले. उच्च न्यायालयाचे १८६२ ते १८७५ चे निकाल बारा खंडांत आहेत. १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई माला व १८९९ पासून ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ चालू झाला. विलायतेस गेलेलीं अपिलें १८३६ ते १८७२ पर्यंत मूर याच्या खंडांत व पुढें ‘इंडियन अपील्स’ मालेंत आहेत. यांतील पुष्कळ खंडांच्या छायाप्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आहेत, ‘इंडियन कानून’ या स्थानावर जुने निकाल शब्दावरून शोधतां येतात.

खंडाचा उल्लेख वाचण्याची रीत एका उदाहरणानें कळेल. चिंचवडच्या देव संस्थानाविषयींचा ‘चिंतामण बजाजी देव विरुद्ध धोंडो गणेश देव’ हा निकाल ‘१५ मुंबई ६१२’ असा उल्लेखितात. म्हणजे मुंबई मालेचा १५ वा खंड, पृष्ठ ६१२. एकाच दाव्याचे निकाल अनेक खंडांत असूं शकतात : दादाजी भिकाजी व रखमाबाई यांच्या दाव्याचा पहिला निकाल ९ व्या खंडांत व अपिलाचा १० व्या खंडांत आहे. एक वाचून थांबणें योग्य नव्हे.

४. नांवांची अडचण

शोध फसतो तो बहुधा नांवाच्या रोमन रूपामुळें. याच रखमाबाईंचें नांव रखमाबाई, रुखमाबाई, रुक्माबाई अशा नाना रूपांत लिहिलेलें आढळतें. ‘व’ कोठें व्ही या अक्षरानें तर कोठें डब्ल्यूनें दाखवितात; ‘श’ व ‘स’ यांचा भेद पुष्कळदां राहत नाहीं. यंत्र जुळवितें तें अक्षर, उच्चार नव्हे. म्हणून संपूर्ण नांव न घालतां, सर्व रूपांत कायम राहणारा तुकडा घालावा, आणि गांवाचें जुनें नांवही जोडून पाहावें. पुण्याचें ‘पूना’ व ठाण्याचें ‘ताना’ हीं रूपें विसरूं नयेत.

दुसरी अडचण शीर्षकाची. ताई महाराज प्रकरण महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. परंतु प्रिव्ही कौन्सिलचा १९१५ चा निकाल ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ या शीर्षकानें छापलेला आहे. शीर्षकांत बहुधा पहिल्या पक्षकाराचेंच नांव येतें, आणि अपिलांत अपीलकर्ता आधीं येत असल्यामुळें वादी-प्रतिवादींचा क्रमही उलटतो. तस्मात् घराण्याच्या प्रसिद्ध नांवावर विसंबूं नये.

यंत्रास प्रश्न विचारून मिळालेला निकालही मूळ खंडांत पाहिल्यावांचून उतरूं नये. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथें वकिलांनीं अशा यंत्रानें रचलेले, अस्तित्वांतच नसलेले निकाल न्यायालयापुढें मांडले व त्यांस दंड झाला. बनावट सनदा ओळखण्याचा ज्यांस सराव आहे, त्यांस याहून अधिक सांगणें नको.

५. निकालावरून कागदाकडे

निकालपत्र हातीं आल्यावर त्यांतील निशाणीचे क्रमांक टिपावेत. न्यायालयांत पुराव्यास लागलेल्या कागदास ‘निशाणी’ म्हणतात, आणि कागद दाखल करतांना फेरिस्त जोडतात. न्यायाधीश जेव्हां ‘निशाणी ४५ वरील सनद’ असें लिहितो, तेव्हां एक अस्सल कागद अमुक दिवशीं न्यायालयांत होता याची ती साक्षच होय. त्यासमवेत खालच्या न्यायालयाचें नांव व मूळ दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. वरिष्ठ न्यायालयाच्या निकालांत तो पुष्कळदां दिलेला असतो. पुढचें काम संगणकाचें नव्हे. त्या न्यायालयाच्या अभिलेख कक्षांत शोधाचा व नकलेचा अर्ज करावा. पक्षकार नसलेल्यानें आपलें प्रयोजन स्पष्ट लिहावें. उच्च न्यायालयाच्या कागदांच्या नकला माहितीच्या अधिकाराखालीं नव्हे, तर त्या न्यायालयाच्या नियमांनुसार मागाव्या, असें सर्वोच्च न्यायालयानें गुजरातच्या प्रकरणांत ४ मार्च २०२० रोजीं ठरविलें आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या आदेशांतील ९ व्या नियमान्वयें, मुकदमा अंतिम झाल्यावर कागद दाखल करणारास तो परत घेतां येतो. म्हणून न्यायालयांत कागद न आढळला तरी निराश होऊं नये. तो परत नेल्याची नोंद मिळाली, तर शोध त्या घराण्याच्या वंशजाच्या दारीं जातो.

महसुली प्रकरणांची गोष्ट निराळी. १८७१ च्या पेन्शन कायद्यानें सरकारी नेमणुकी व महसुली देणग्यांविषयींचे दावे कलेक्टरच्या दाखल्यावांचून दिवाणी न्यायालयांत चालत ना. वतनांचे कित्येक प्रश्न १८७४ च्या वतन कायद्यान्वयें कलेक्टरच निकालांत काढी. असे कागद महसूल दप्तरांत व पुणें पुराभिलेखागारांत पाहावे.

६. त्वरेचें कारण

न्यायालयें सर्वच कागद कायम ठेवीत नाहींत. निरुपयोगी अभिलेख नष्ट करण्याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांस १९१७ च्या कायद्यानें दिला. त्या नियमांत कायदेशीर उपयोग पाहिला जातो, इतिहास नव्हे. मुकदमा संपून मुदत भरली कीं वारसांनीं न नेलेला महजरही रद्दी ठरूं शकतो. २०२३ सालीं मंजूर झालेल्या ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यांत जुन्या कागदांच्या संगणकीय प्रती काढण्याची तरतूद आहे, ही समाधानाची गोष्ट खरी; परंतु प्रतींत मजकूर राहतो, कागदाची जात, शिक्क्याचा ठसा व शाईचा कस राहत नाहीं. या तिहींवरच कागदाच्या खरेखोटेपणाचा निर्णय पुष्कळदां अवलंबून असतो.

यास्तव प्रत्येक संग्राहकानें आपल्या परिचयाच्या दोन-चार घराण्यांचे व देवस्थानांचे मुकदमे वरील रीतीनें शोधावे, आणि न्यायालय, साल, दाव्याचा क्रमांक, निशाणी व कागदाचें स्वरूप अशा पांच रकान्यांची यादी करून ठेवावी. अशा याद्या एकत्र झाल्या, तर कोणता कागद कोणत्या कक्षांत आहे हें नाशाची मुदत भरण्यापूर्वीं सांगतां येईल, व तो वांचविण्याची विनंति वेळेवर करतां येईल.