कापसाची पेठ आणि रुळांचा काठ
कॅमेरा घेऊन चालताना : भाग ७

वखारींची छायाचित्रे म्हटली की नदीकाठ आठवतो. कोलकात्यात हुगळीच्या काठाने जुनी गोदामे उभी आहेत. माल नावेतून उतरायचा आणि वखारीत जायचा. वाशीम जिल्ह्यात असा काठ शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णा इथून तापीच्या खोऱ्यात उतरते, अडाण गोदावरीच्या. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या असल्या पात्रांत नावा कुठल्या चालणार? इथला कापूस बंडीने निघाला आणि पुढे रेल्वेने गेला. म्हणून आजची आपली भटकंती पाण्याच्या नव्हे, रुळांच्या काठाने, कारंजा लाडमध्ये.

कारंजा रेल्वेच्या कितीतरी आधीपासून व्यापाराचे गाव. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींची नावेच जुने रस्ते कुठे जात ते सांगतात. इथल्या एका व्यापाऱ्याने उंटांच्या तांड्यावरची सगळी कस्तुरी विकत घेऊन हवेलीच्या चुन्यात कालवली, अशी दंतकथा आजही ऐकायला मिळते. सकाळी वेशीपासून सुरुवात करा. कमान एकटी टिपू नका. तिच्यातून जाणारी सायकल, हातगाडी, ऑटो चौकटीत येऊ द्या. वेस वाहती असते, तशीच ती फोटोत दिसली पाहिजे.

कापसाचे मोठे दिवस एकोणिसाव्या शतकात आले. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. 1867 पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर–यवतमाळ हा 762 मिलिमीटर रुंदीचा छोटा मार्ग टाकला. तीच कारंजावरून धावणारी शकुंतला. इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा आणि शकुंतलेचे वाफेचे इंजिन मँचेस्टरमध्येच, 1921 साली बनलेले होते. 1994 मध्ये ते काढून डिझेल इंजिन जोडले गेले. आता ती गाडीही थांबली आहे.

वऱ्हाडातले कोणतेही जुने जिनिंग-प्रेसिंग टिपण्याआधी तिथे काय चालते ते समजून घ्या. जिनात रुई रोलरला चिकटून पुढे सरकते, सरकी मागे राहून खाली पडते. जुन्या जिनात यंत्रांची सरळ रांग असे आणि एकाच दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी फिरत. म्हणून रांगेच्या एका टोकाला उभे राहा. इमारत लांबट का आहे, ते एका फोटोत कळेल. मग रुई प्रेसमध्ये दाबली जाते. आजची गाठ 170 किलोची. ती बांधणारा हमाल, त्याच्या हातातली पट्टी, बाहीला चिकटलेले तंतू – हे जवळून घ्या, पण आधी विचारून.

दोन अडचणी हमखास येतात. कापसाच्या गंजीचा फोटो करडा, मळकट निघतो. एवढा पांढरा रंग दिसला की कॅमेरा उजेड जास्त आहे असे समजून स्वतःच कमी करतो. तुम्ही एक्स्पोजर एक पायरी वाढवा. मोबाइलवर गंजीला बोट लावून उजेडाची पट्टी वर सरकवली की झाले. दुसरे, जिनात लेन्स बदलू नका. हवेतली रुई थेट सेन्सरवर बसते. विडी-काडीपेटी तर गेटबाहेरच ठेवा. रुईला ठिणगी पुरते.

हंगाम दिवाळीनंतरचा. मात्र गंजींचे ढीग पूर्वीसारखे दिसतीलच असे नाही. 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि खासगी खरेदीचा जुना बाजार बदलला. पुढे जिल्ह्यातल्या कास्तकारांनी सोयाबीन जवळ केले. गोदामात कापसाऐवजी सोयाबीनची पोती दिसली तर तोंड वाकडे करू नका. पेठेचा आजचा इतिहास तोच आहे, तोही टिपा.

जुन्या जिनाची जागा प्लॉट पाडण्यासाठी विकली जाते तेव्हा यंत्रे भंगारात जातात आणि नकाशेही हरवतात. म्हणून प्रत्येक फोटोखाली जागा, तारीख आणि ती वास्तू कशासाठी होती, एवढे लिहाच. शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या अडत्याला किंवा हमालाला ते फोटो दाखवा आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. नुसता देखणा फोटो भिंतीवर लागतो. नोंद असलेला फोटो गावाच्या कामी येतो.