ताडासन दिसतं सोपं, पण टाचा उचलण्याआधी एवढं वाचा

जळगाव/धुळे : दिवसभर वाकून कापूस वेचायचा, निंदणी करायची, केळीचे घड खांद्यावर वाहायचे आणि संध्याकाळी कंबर सरळ होत नाही म्हणून बाजेवर पडायचं. हा त्रास खान्देशातल्या अनेक घरांत आहे. मग कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवतं आणि योगासनं सुरू होतात. त्यात पहिलं आसन बहुतेक वेळा ताडासनच असतं. नुसतं उभंच तर राहायचं आहे, असं वाटतं. पण हेच आसन घाईत केलं तर तोल जातो, चक्कर येते आणि पडून हाड मोडू शकतं. साठी ओलांडलेल्यांनी तर जास्तच जपायला हवं.

दोन व्हिडिओ, दोन ताडासनं. खरं कोणतं?

दोन्ही खरी आहेत. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत पाय जुळवून, टाचा जमिनीवर ठेवून ताठ उभं राहतात. दरवर्षी 21 जूनला आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या कार्यक्रमात जे करतात, त्यात हात वर ताणून टाचाही उचलतात. नवीन माणसाने आधी टाचा जमिनीवर ठेवूनच सराव करावा. पंधरा दिवस तोल नीट सांभाळता आला की मगच टाचा उचलून बघाव्यात.

कसं करायचं?

1. जागा : सपाट आणि कोरडी हवी. ओली फरशी, सरकणारी सतरंजी, जाड गादी नको. धाब्याच्या किंवा ओट्याच्या काठाजवळ तर मुळीच नको. भिंत हाताशी असू द्या.

2. पाय : अनवाणी उभं राहा. दोन्ही पायांत साधारण दोन इंच अंतर ठेवा. तोल जात असेल तर वीतभर ठेवा, काही बिघडत नाही.

3. वजन : अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेवर सारखं वजन यायला हवं. आपली रोजची चप्पल उलटी करून बघा. एकाच बाजूने जास्त झिजली असेल, तर उभं राहताना वजन त्याच बाजूला जात असण्याची शक्यता आहे.

4. गुडघे : सरळ ठेवा, पण मागे दाबून ताठ करू नका.

5. कंबर आणि मान : पोट पुढे काढू नका. हनुवटी वर न करता नजर समोर एका जागी ठेवा.

6. हात : बोटं एकमेकांत गुंफा, तळवे बाहेर वळवा आणि श्वास घेत हात वर ताणा. खांदा दुखत असेल तर जिथपर्यंत जातील तिथपर्यंतच न्या.

7. टाचा : सवय झालेल्यांनी आता टाचा हळू उचलाव्यात.

8. परत येणं : श्वास सोडत आधी टाचा टेकवा, मग हात खाली आणा. टाचा धपकन आपटू नका.

सुरुवातीला 10 सेकंद पुरे. पुढे 30 सेकंदांपर्यंत वाढवा. या वेळात श्वास कोंडून धरायचा नाही, तो चालू ठेवायचा. असं दोन-तीन वेळा केलं तरी चालतं.

बरोबर उभे आहोत का, कसं कळणार?

भिंतीला पाठ लावा. टाचा भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा. नितंब आणि खांद्याची पाती भिंतीला टेकू द्या. आता कंबर आणि भिंत यांच्यामध्ये हात घाला. सपाट पंजा जात असेल तर ठीक. पूर्ण मूठ आरामात जात असेल, तर कंबर जास्त आत वळली आहे. पोट थोडं आत घ्या आणि पुन्हा बघा.

चक्कर का येते?

झेंडावंदनाला बराच वेळ ताठ उभी राहिलेली मुलं चक्कर येऊन पडतात, हे सगळ्यांनी पाहिलं असेल. न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. पोटऱ्यांचे स्नायू हलले की ते वर ढकललं जातं. उपाशी पोट, उन्हाळा आणि कमी पाणी यांची भर पडली की त्रास वाढतो. म्हणून मे महिन्यात सकाळी लवकर करा. आधी घोटभर पाणी प्या. भरपेट जेवल्यावर मात्र करू नका.

यांनी टाचा उचलू नयेत

• हृदयाचा गंभीर त्रास असलेले
• चक्कर, भोवळ येणारे
• पायाच्या शिरा फुगलेले
• गरोदर बाया (यांनी डॉक्टरांना विचारूनच, भिंतीच्या आधाराने करावं)
• तोल सांभाळता न येणारी वयस्कर माणसं

शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांना खडा, काटा किंवा तापलेली जमीन कळत नाही. त्यांनी जागा आधी झाडून घ्यावी आणि नंतर तळपाय बघावेत. बीपीची गोळी चालू असेल तर झोपेतून उठल्या उठल्या आसन करू नये, थोडा वेळ बसावं.

डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसा. छातीत दुखलं, घाम फुटला, दम लागला तर वेळ घालवू नका, 108 वर फोन करा. पाठीचं दुखणं पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. ताडासन हा त्यावरचा इलाज नाही.

अमळनेरचे गुणे मास्तर

योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, आधी अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्यही झाले. पुढे 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. आसन करताना शरीरात काय होतं, हे ते एक्स-रे आणि रक्तदाबाच्या मोजमापाने तपासत. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून बघायचं, अशी त्यांची रीत होती.

आपल्याकडे यंत्रं नसली तरी तपासणी घरी करता येते. आसन झाल्यावर श्वास शांत आहे का? डोकं हलकं वाटतं का? पाय स्थिर आहेत का? उत्तर हो असेल तर उद्या पुन्हा करा. नसेल तर टाचा खालीच ठेवा. व्हिडिओतला माणूस कितीही उंच ताणत असला, तरी तोल आपला आपल्यालाच सांभाळायचा आहे.